नखांतला चुरा

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी आजोबांना फसवलं. लिहून टाकते, म्हणजे जरा हलकं वाटेल.

ही वही त्यांचीच, मी ज्यांना सांभाळायला येते त्या आजोबांची, घड्याळदुरुस्तीच्या दुकानातली. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: घड्याळ, बिघाड, कधी आलं, कधी दिलं. दुकान बंद केलं तेव्हा अशा सहा वह्या कोऱ्या उरल्या. लिही त्यात काहीतरी, नाहीतर वाळवी खाईल, असं म्हणून त्यांनी एक मला दिली. तेव्हापासून दुपारी ते झोपले की मी लिहिते, राहिलं तर रात्री घरी, चोरून. दोन वर्षं झाली, त्यांना दिसत नाही. त्यामुळे त्यांच्याच टेबलाशी बसून मी त्यांच्याबद्दल काहीही लिहू शकते. आजवर लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं, एवढंच.

झालं असं. दर मंगळवारी आजोबा उशीखालून एक नोट काढून देतात. माझी अर्ध्या दिवसाची मजुरी होईल एवढी मोठी नोट. मी कोपऱ्यावरच्या टपरीतून लॉटरीचं खरवडायचं तिकीट आणायचं, त्यांच्यासमोर नाण्याने खरवडायचं आणि काय निघालं ते सांगायचं. तीन सारखी चित्रं आली की लागलं. वर्षभरात पन्नासएक तिकिटं खरवडली असतील. चारदा तिकिटाचे पैसे तेवढे परत आले, बाकी सगळा ठणठणाट.

मला ही तिकिटं हातात धरायचीसुद्धा भीती वाटते. आमच्या ह्यांना ह्याच तिकिटांचा नाद होता. आधी पगार गेला, मग माझं कानातलं, मग शिलाई मशीन. मशीन गेलं त्या दिवशी मी रडलेसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे बघत बसले, आणि त्यालाच घाबरून ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तीन वर्षं झाली. बेकरीत पहाटपाळी करतात, पगाराचं पाकीट न उघडता माझ्या हातात देतात. जुनं का होईना, पण मशीनही परत घेतलं. मी आजोबांसाठी तिकीट आणते हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही. विस्तवाचं नावसुद्धा घरात नको.

तर आज रांगेत माझ्यापुढे एक माणूस होता. त्याने पाच तिकिटं घेतली आणि तिथेच उभं राहून अंगठ्याच्या नखाने खरवडायला लागला. मान अशी एका बाजूला. अगदी आमच्या ह्यांच्यासारखी. रांग सोडून बाहेर आले. टपरीबाहेर कचऱ्याचा डबा आहे, लोक हरलेली तिकिटं त्यातच टाकतात. खालची नंबराची पट्टी कुणी खरवडत नाही, हरल्यावर कोण कशाला मेहनत घेईल? मी त्यातलं एक उचललं, घरी आणलं आणि ती पट्टी खरवडली. आजोबा मान तिरकी करून ऐकत होते.

लागलं का, त्यांनी विचारलं. नाही आजोबा, मी म्हणाले. बरं, पुढच्या मंगळवारी बघू, म्हणाले.

संपलं. कुणाचं काही बिघडलं नाही. नोट माझ्या पिशवीत आहे. ती त्यांचीच आहे, मी बाजूला ठेवणार आहे.

२० फेब्रुवारी, मंगळवार

तीन नोटा झाल्या. इथे ठेवायची सोय नाही. ताई, म्हणजे आजोबांची मुलगी, मला पगार देते ती, पंधरा दिवसांनी येते आणि पोलिसांनी झडती घ्यावी तशी कपाटं आवरते. म्हणून नोटा बिस्किटांच्या डब्यात घालून डबा घरी मशीनच्या खणात ठेवला. तिथे कुणी हात लावत नाही, त्याहून सुरक्षित जागा नाही.

वर्ष संपलं की डबा आजोबांच्या मांडीवर ठेवीन आणि सांगीन, बघा, न खेळता लागली. असं मनात म्हणते तेव्हा बरं वाटतं. मग लगेच वाटतं, त्याआधीच कुणी पकडलं तर? आंधळ्या माणसाचे पैसे ढापणारी बाई म्हणून नाव होईल. पुन्हा कोण दारात उभं करणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तर त्याचं अख्खं खटलं आहे.

५ मार्च, मंगळवार

चार आठवडे काही लागलं नाही म्हणून आजोबा मलूल झाले होते. काल जेवले नाहीत. आपलं नशीबच आंधळं, असं काहीसं पुटपुटत होते. मला राहवलं नाही. आज खरवडून झाल्यावर मी म्हणाले, आजोबा, लागलं, दुप्पट. आणि सकाळी डब्यातून आणलेली एक नोट आणि आजची एक, अशा दोन त्यांच्या हातात ठेवल्या.

काय सांगू, चेहरा उजळला त्यांचा. दोन वाट्या सूप प्यायले. ताईला फोन लावायला सांगितला आणि म्हणाले, तू म्हणतेस फुकट जातात, बघ.

त्यांचेच पैसे त्यांनाच दिले आणि आशीर्वाद मात्र मला मिळाले. टपरीवाले तरी दुसरं काय करतात म्हणा. दहा जणांचे घ्यायचे, एकाला हसवायचं. टपरीच्या दारावर कागद लावलाय, 'इथे लागलं', खाली रक्कम आणि तारीख. तारीख सहा वर्षांपूर्वीची आहे, शाई उडून गेलीये, तरी लोक त्या कागदाखालीच रांग लावतात.

१२ मार्च, मंगळवार

व्हायचं तेच झालं. जिंकल्याच्या जोरावर आजोबांनी आज दोन तिकिटांचे पैसे दिले. आता दर मंगळवारी दोन आणायची, म्हणाले, हात चालतोय. मी कचऱ्याच्या डब्यातून दोन उचलली.

संध्याकाळी ताट वाढताना ह्यांनी माझा हात धरला. म्हटलं, आज काय विशेष? तर माझी नखं बघत होते. नखांत चंदेरी चुरा होता. हे काय गं, म्हणाले. मी म्हटलं, आजोबांकडे भांडी घासायची नवीन पूड आणलीये. त्यांनी हात मात्र लगेच सोडला नाही. किती दिवसांनी असा हात धरला.

१९ मार्च, मंगळवार

आज मेलेच होते.

कचऱ्याचा डबा नुकताच रिकामा केला होता. एकही तिकीट नाही. खरं विकत घ्यावं तर समोर ती रांग. मी परत आले आणि जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर नाणं घासलं. खर्र, खर्र. आजोबांनी मान तिरकी केली.

"आजचं तिकीट जाड आहे का गं?"

हा माणूस घड्याळ कानाला लावून कुठलं चाक झिजलंय ते सांगायचा, हे मी विसरलेच होते. नवीन निघालीत, जाड आहेत, मी म्हणाले. असेल, ते म्हणाले. पण मग बराच वेळ बोटाने टेबलावर टकटक करत बसले. चोराच्या मनात चांदणं. मला ती टकटक दारावर कुणी आल्यासारखी वाटत होती.

आता पुन्हा असं करायचं नाही. टाकलेली तिकिटं जास्तीची आणून पिशवीत साठवायची. तेवढंच आवाजापुरतं खरं.

२ एप्रिल, मंगळवार

आज पुन्हा लागलं असं सांगावं लागलं. ह्या वेळी तिप्पट, तीन नोटा. आजोबा इतके खूश झाले की मला घड्याळाचं एक जुनं साखळीचं कडं देऊ केलं. घेतलं नाही. घेतलं असतं तर ती खरी चोरी.

घरी मात्र बरं चाललंय. हे हल्ली गोड वागतात. परवा माझ्यासाठी केसांचा चाप आणला, मोत्यांसारखे मणी लावलेला. मी म्हटलं, हे कुठून? म्हणाले, वरचं काम केलं. घरी आले की माझी पिशवी स्वतः उचलून आत नेतात. मी दमते ना, म्हणतात. आणि साबण लावून लावून हात धुतात, पीठ नखांतून जात नाही म्हणे. वीस वर्षांत पीठ गेलं नाही ते आत्ताच कसं खुपायला लागलं, म्हणून मी हसले. तेही हसले.

एकदा विचारत होते, तुझ्या आजोबांकडची टपरी म्हणजे ती कोपऱ्यावरची का? कुठली टपरी, मला नाही माहीत, मी म्हणाले. तर माझ्याकडे बघून म्हणाले, तू मला काही सांगत नाहीस. मी विषय बदलला. संशय आलाय की काय? कसला येणार म्हणा.

१६ एप्रिल, मंगळवार

ताई आली होती. कपाटं आवरून झाली, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बाबा फोनवर सारखं जिंकलो जिंकलो म्हणतात, तर ते पैसे आहेत कुठे? खेळताहेत तर खेळू देत, पण जिंकलेलं मला दाखवा, मी त्यांच्या नावाने बँकेत टाकते. डोळ्यांचं तिसरं ऑपरेशन राहिलंय. मोठ्या डॉक्टरांची फी काही आकाशातून पडत नाही. अठ्ठावीसला, रविवारी, मी हिशेबाला बसणार आहे.

आजोबा आतून ओरडले, मला नकोय ते ऑपरेशन. ताई म्हणाली, तुम्ही गप्प बसा बाबा. ती गेल्यावर मला म्हणाले, दोनदा कापलं. दोनदा पट्टी सोडली तेव्हा काळोखच होता. डॉक्टर म्हणतात दहात एकाला दिसतं. त्यांनी चादर मुठीत धरून ठेवली होती. एवढा मोठा माणूस, आणि माझ्याइतकाच घाबरट.

रविवारच्या आत डबा आणायचा आणि सगळं सांगून टाकायचं. दुसरा मार्ग नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. सगळे पैसे जागेवर आहेत, चोर तर कुणी म्हणणार नाही.

२४ एप्रिल, बुधवार

आज आजोबांकडे गेले नाही, बरं नाही म्हणून कळवलं. घरीच लिहितेय. वही मांडीवर धरलीये, अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी डबा काढला. चौदा नोटा असायला हव्या होत्या. वर दोन होत्या. त्यांच्याखाली तिकिटं. खरवडलेली, नीट एकावर एक रचलेली. डबा उचलला तर हलका लागू नये म्हणून.

मी मशीनशेजारी जमिनीवर बसले ती उठलेच नाही. हे पाळी संपवून दुपारी आले, मांडीवर डबा बघितला आणि दारातच थांबले. मला वाटलं ओरडतील, किंवा पळून जातील. तसं काही केलं नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसले, पिठाच्या कपड्यांनी तसेच.

त्यांनी जे सांगितलं ते असं. माझ्या नखांत चुरा बघितला तेव्हाच त्यांनी ओळखलं. सात वर्षं स्वतःच्या नखांत बघितला होता, भांड्यांची पूड कुठली? मग माझ्या पिशवीत खरवडलेली तिकिटं सापडली. मग डबा सापडला आणि डब्यात नोटा. दर आठवड्याला वाढणाऱ्या.

"तुला लागत होतं," म्हणाले. "मला वाटलं, हिला लागतं तर मलाच का नाही?"

मी म्हटलं, मी एकही तिकीट खेळले नाही हो. ते आजोबांचे पैसे होते. मी ते तिकिटांपासून वाचवत होते. हे ऐकून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी आजोबांना घाबरत राहिले, ताईला घाबरत राहिले, टपरीच्या रांगेला घाबरत राहिले. आणि आग मीच पिशवीत घालून रोज घरी आणत होते. आजोबांचे पैसे शेवटी तिकिटांतच गेले. मी खरं तिकीट आणत राहिले असते तर निदान माझा माणूस तरी शाबूत राहिला असता. मला स्वतःची इतकी चीड आलीये की हा कागद फाडून टाकावासा वाटतोय.

उठायच्या आधी त्यांनी खिशातून एक तिकीट काढलं. न खरवडलेलं, कोपरे मऊ झालेलं. म्हणाले, हे बारावं. परवापासून खिशात आहे. खरवडलं नाही. तुला डबा सापडायच्या आधीच थांबलो होतो, एवढं तरी खरं मान. मग ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, हे घेऊन जा कुठेतरी, मला दिसू देऊ नकोस.

२५ एप्रिल, गुरुवार

आजोबांना सगळं सांगितलं. पहिल्या कचऱ्यातल्या तिकिटापासून कालच्या डब्यापर्यंत. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचंही. ते पलंगावर ताठ बसून ऐकत होते. चेहऱ्यावर काही दिसेना. मला वाटलं आता काठी उचलतील, आता ताईला फोन लावायला सांगतील. मी सांगून संपवलं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

"मग त्या अकरातलं एक तरी लागलं का?"

हा पहिला प्रश्न. मी रडत होते ती हसायलाच लागले. म्हटलं, दोन लागली असतील किरकोळ, माझ्या केसांत चाप आहे तो त्यातलाच. बघू, म्हणाले, आणि हात पुढे केला. चाप चाचपून बघितला. बरा आहे, म्हणाले.

मग मी ते बारावं तिकीट त्यांच्या तळहातावर ठेवलं. माझ्या पैशाचं म्हणजे माझंच की हे, म्हणाले, इतके दिवस तू खरवडलंस, आज मी खरवडतो. आणि अंगठ्याचं नख लावलं. सावकाश, वरून खाली, एक रेघही न सोडता. मी समोर उभी राहून देवाचा धावा करत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, लागू देऊ नकोस. ह्यांचं तिकीट आहे हे. लागलं तर टपरीवाली मावशी दारावर नवा कागद लावेल, तारीख आणि रक्कम घालून. हे तिथून जातील, वाचतील आणि ओळखतील. मग शपथ नाही, मशीन नाही, मी नाही, काही त्यांना धरून ठेवू शकणार नाही.

आजोबांनी चुरा फुंकला आणि तिकीट माझ्यासमोर धरलं. काय निघालं?

तीन घंटा. तीनही सारख्या. खाली रक्कम. मी शून्यं दोनदा मोजली. माझा दीड वर्षाचा पगार झाला असता.

नाही लागलं आजोबा, मी म्हणाले.

त्यांनी तिकीट स्वतःच्या मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "तू खोटं बोलतेस तेव्हा आधी श्वास घेतेस. आज तर दोनदा घेतलास."

मी त्यांच्या पायाशी बसले. मोठं आहे का, विचारलं. मी नुसतं हं म्हटलं. ऑपरेशनएवढं? पुन्हा हं. मग मी ह्यांच्याबद्दल बोलले, टपरीवरच्या कागदाबद्दल बोलले. म्हटलं, आजोबा, पैसे तुमचे आहेत, डोळे तुमचे आहेत. तुम्ही म्हणाल तर आत्ता घेऊन जाते. असं म्हणताना माझे दात वाजत होते, हे त्यांनी ऐकलंच असणार.

"मुदत कधीपर्यंत आहे?"

मी मागची बाजू वाचली. बावीस जुलै, संध्याकाळी पाच, मुख्य कार्यालय.

त्यांनी पलंगाशेजारचा खण उघडला. त्यात बारा-पंधरा घड्याळं आहेत. दुरुस्त करून ठेवलेली, पण ज्यांची गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत अशी. मी वर्षभर ठेवायचो, म्हणाले, आलं गिऱ्हाईक तर द्यायचं, नाही आलं तर त्याने घड्याळाला मुकायचं. तिकीट त्यांत ठेवलं आणि खण लावला. विचार करू दे मला, म्हणाले. आणि हे एक मिळालं, दोन नोटा परत आल्या, म्हणजे तुझ्याकडे अकरा तिकिटं बाकी. दर मंगळवारी तुझ्या पैशाने आणायचं. खरं.

घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, त्याचं काय झालं? मी श्वास न घेता म्हणाले, नाही लागलं. ते खुर्चीत बसले. बरं झालं, म्हणाले, लागलं असतं तर मी...

२८ एप्रिल, रविवार

ताई हिशेबाला आली. मी ओट्याला धरून उभी होते. आजोबा म्हणाले, जिंकलेले पैसे उडवले. कुठे, म्हणाली. म्हणाले, तुझ्या आईलाही मी कधी हिशेब दिला नाही, तुला काय देऊ? ताई माझ्याकडे बघायला लागली. मी नजर खाली घातली, तशी तिला वाटलं असेल की म्हाताऱ्याने काही भलतंच केलंय. ती पर्स उचलून निघाली.

माझी नोकरी वाचली. म्हणजे आता बावीस जुलैपर्यंत त्या खणाशेजारी बसायचं.

२१ मे, मंगळवार

चौथं तिकीट. रांगेत उभी राहते, पुढच्याच्या नखांकडे न बघता उभी राहते. आजोबाच खरवडतात. चारही कोरडी. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

खणाबद्दल आम्ही बोलत नाही. मी केर काढताना तिथे वळसा घालून जाते.

१८ जून, मंगळवार

आज मला एक विचार आला आणि झोपेतून उठावं तशी दचकले. दहात एक, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे कदाचित दिसलं असतं. कदाचित ह्या माणसाने खिडकीतून समोरचं झाड बघितलं असतं, आणि मी माझ्या नवऱ्यापायी त्यांना काळोखात ठेवतेय. मी ते त्यांना बोलून दाखवलं. म्हटलं, आजोबा, माझा विचार करू नका.

ते म्हणाले, तुझा विचार कोण करतंय? दहात एक म्हणजे तिकीटच की गं तेही. दोनदा खरवडलं, दोन्ही वेळा कोरडं. तिसऱ्यांदा पट्टी सोडतील आणि काळोखच असेल, तर मग मी काय करू? न कापता निदान आशा तरी आहे. मला भीती वाटते बाई. ताईला कळता कामा नये की पैसे आहेत.

दोन घाबरट माणसं आणि मधे एक खण.

२२ जुलै, सोमवार

आज.

सकाळपासून चहा तीनदा उतू गेला. आजोबांनी दुपारची झोप घेतली नाही. चार वाजता खण उघडायला सांगितला. तिकीट होतं तिथेच होतं. चार ते पाचमध्ये मुख्य कार्यालयात पोचता येतं. बसने वीस मिनिटं. मी काल जाऊन बघून आले होते, हे आजोबांना सांगितलं नाही आणि इथेही लिहिणार नव्हते. कशासाठी गेले होते? खरंच माहीत नाही. दारापर्यंत गेले आणि परत आले.

सव्वाचारला आजोबांनी विचारलं, तुला जायचंय का? मी म्हटलं, तुम्हाला? ते म्हणाले, मी तुला विचारतोय. मी हात मांडीखाली दाबून बसले. मनात मशीन येत होतं, कानातलं येत होतं, ताईचा थकलेला चेहरा येत होता. घरी ह्यांची पाळी संपली असेल, ते पाकीट न उघडता टेबलावर ठेवून माझी वाट बघत असतील, तेही येत होतं.

नाही, मी म्हणाले. श्वास घेतला नाही.

भिंतीवरच्या घड्याळाला आजोबा स्वतः किल्ली देतात, हाताने चाचपून. ते कधी मागे पडत नाही. पाचाचे ठोके पडले. आम्ही पाचही मोजले. मग आजोबा म्हणाले, गिऱ्हाईक आलं नाही. आणि तिकिटाचे चार तुकडे केले.

एप्रिलमध्ये मी नाही लागलं म्हणाले तेव्हा ते खोटं होतं. आज पाचपासून ते खरं आहे. एवढी मोठी रक्कम गेली आणि मला रडू येतंय ते सुटल्याचं आहे की गेल्याचं, मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

२३ जुलै, मंगळवार

माझी अकरा तिकिटं फिटली. आज आजोबांनी उशीखालून स्वतःची नोट काढली. एकच आण, म्हणाले. मी म्हटलं, कालचं बघूनसुद्धा? म्हणाले, त्यात तिकिटाची काय चूक?

आणलं. त्यांनी खरवडलं. दोन घंटा आणि एक घोडा. नाही लागलं, म्हणाले मी. ते हसले, हे खरं वाटतंय, म्हणाले. ते तिकीट मी आजोबांकडच्याच कचऱ्यात टाकलं, बारीक तुकडे करून.

परत येताना कोपऱ्यावरच्या नळावर नखं घासून धुतली. टपरीच्या दारावर तोच जुना कागद आहे, शाई आणखी उडालीये.

घरी हे दारातच उभे होते. मी चपला काढायच्या आधीच हात पुढे केला आणि त्यांनी माझी बोटं उजेडात धरली. मग त्यांनी त्यांचा हात पुढे केला आणि मी त्यांची बोटं उजेडात धरली. शाळेत बाई नखं तपासायच्या तशी. एप्रिलपासून रोज असंच करतो. स्वच्छ होती. थोडं पीठ होतं, ते मी ओलं करून परत परत चोळून बघितलं. पीठच होतं. मग आम्ही जेवायला बसलो.